लिव्हरचा आजार: प्रत्येकाला दुर्बीण लागतेच का?

‘लिव्हर खराब आहे’ म्हटलं की घरातल्यांना दोन शब्दांची धडकी भरते: बायोप्सी आणि पोटात घालायची दुर्बीण. खरं तर या तपासण्या कुणाला लागतील आणि कुणाला नाही, याचं बरंचसं उत्तर फाइलमधल्या साध्या रक्ताच्या रिपोर्टांत असतं. ते आकडे एकत्र वाचायला हवेत.

गैरसमज: एसजीओटी, एसजीपीटी नॉर्मल म्हणजे लिव्हर ठणठणीत.
वस्तुस्थिती: लिव्हरच्या पेशींना इजा होत असताना हे आकडे वाढतात. आधीच्या इजांचे व्रण किती साचले, ते त्यांवरून कळत नाही. सिरॉसिसमध्ये, म्हणजे व्रण साचून लिव्हर कडक झाल्यावरही, ते नॉर्मल येऊ शकतात.

गैरसमज: प्लेटलेट फक्त डेंग्यूत बघायच्या.
वस्तुस्थिती: लिव्हर कडक झालं की त्यात येणाऱ्या पोर्टल शिरेतला दाब वाढतो. मग पांथरी फुगते आणि प्लेटलेट तिथेच अडकून पडतात. शिवाय प्लेटलेट वाढवणारं संप्रेरक लिव्हरच बनवतं, तेही घटतं. म्हणून सीबीसीत वर्षागणिक उतरत जाणाऱ्या प्लेटलेट हा लिव्हरचा इशारा असू शकतो.

गैरसमज: व्रण किती आहेत, ते बायोप्सीशिवाय कळत नाही.
वस्तुस्थिती: २००६मध्ये मांडलेलं ‘फिब-४’ हे गणित वय, एसजीओटी, एसजीपीटी आणि प्लेटलेट एवढ्यावरच चालतं. समजा वय ४८, एसजीओटी ४०, एसजीपीटी ६४ आणि प्लेटलेट २ लाख ४० हजार. उत्तर येतं १. ते १.३च्या खाली असलं, तर गंभीर व्रणांची शक्यता कमी. बाकी सगळं तेच ठेवून प्लेटलेट ८० हजार धरल्या, तर उत्तर ३ येतं. २.६७च्या वरचा आकडा धोक्याचा. मधल्यांसाठी लिव्हरचा कडकपणा मोजणारं फायब्रोस्कॅन आहे; त्यात सुई टोचावी लागत नाही. निदानच अस्पष्ट असेल, तर मात्र बायोप्सीला आजही महत्त्व आहे.

गैरसमज: सिरॉसिस म्हणजे दुर्बीण अटळ.
वस्तुस्थिती: अन्ननळीतल्या फुगलेल्या शिरा फुटून रक्तस्राव होऊ नये, म्हणून दुर्बिणीने पाहतात. पण २०१५च्या ‘बावेनो-६’ या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ-शिफारशींनुसार, पोटात पाणी किंवा रक्तस्राव अशी गुंतागुंत झालेली नसेल, फायब्रोस्कॅन २० किलोपास्कलच्या खाली आणि प्लेटलेट दीड लाखाच्या वर असतील, तर अशी तपासणी टाळता येते. या गटात धोकादायक शिरा सापडण्याची शक्यता ५ टक्क्यांहून कमी असते. दोन्ही तपासण्या मात्र दरवर्षी करायच्या.

गैरसमज: आकडा चांगला आला, आता डॉक्टरांची गरज नाही.
वस्तुस्थिती: नुकताच डेंग्यू किंवा कावीळ होऊन गेली असेल, तर फिब-४चं गणित फसतं. पस्तिशीच्या आत ते फारसं भरवशाचं नाही आणि पासष्टीनंतर १.३ऐवजी २ हा आकडा धरतात. सिरॉसिसमध्ये कॅन्सरवर लक्ष ठेवणारी सहामाही सोनोग्राफी चुकवायची नाही. रक्ताची उलटी किंवा डांबरासारखी काळी शी झाली, तर आकडे बघत बसू नका. तडक हॉस्पिटल गाठा. तिथे दुर्बीणच जीव वाचवते.

मधुमेह, लठ्ठपणा, दारू किंवा हिपॅटायटिस यांपैकी काहीही असेल, तर पुढच्या वेळी सगळे जुने सीबीसी सोबत न्या आणि डॉक्टरांना विचारा, ‘माझा फिब-४ किती?’