बाण कुणी मारला?

चाळीसगावच्या आसपास कपाशी भरपूर. वेचणी संपली की शेतात पऱ्हाट्या उरतात. त्यातली एक सरळ काडी आणि बांबूची वाकवलेली कामटी मिळाली की धनुष्यबाण तयार! १९८७-८८ साली दूरदर्शनवर रविवारी सकाळी 'रामायण' लागे. ज्या घरी संच असे तिथे सगळी गल्ली जमे आणि मालिका संपली की पोरांचे बाण सुटू लागत. खेळ तसा जुनाच. उत्तर भारतात दसऱ्याच्या दिवसांत संच नव्हते तेव्हाही तो चाले.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि 'रामायण' पुन्हा दाखवले जाऊ लागले. त्याच काळात देशातल्या काही नेत्रतज्ज्ञांकडे बाण लागून डोळा दुखावलेली मुले जास्त संख्येने येऊ लागली. डोळ्याचे पारपटल मधोमध जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असते. बाणाचे टोक बारीक, म्हणून हलक्या हाताने सोडलेल्या बाणाचाही सारा जोर टाचणीच्या टोकाएवढ्या जागेवर येतो. पारपटल फाटते, आतल्या भिंगाला धक्का बसला तर दहा वर्षांच्या मुलाला मोतीबिंदू होतो. नेत्रतज्ज्ञांनी वैद्यकीय नियतकालिकात याविषयी इशारा दिला.

मग हा बाण मारला कुणी? मुलाने की दूरदर्शनने?

घाई करू नका. चाळीसगावच्या बाजारात एप्रिल-मे महिन्यांत माठांची विक्री वाढते आणि त्याच दिवसांत ऊन लागून आजारी पडणारेही वाढतात. म्हणून माठातल्या पाण्याने ऊन लागते असे कुणी म्हणेल काय? दोन्हींच्या मागे तिसरेच कारण आहे, खानदेशचा उन्हाळा. २०२० सालीही मालिका एकटी आली नव्हती. शाळा बंद, मैदाने बंद, मुले दिवसभर घरात. मालिका नसती तरी काही डोळे दुखावलेच असते. पण हातात विटीदांडू न येता धनुष्यच का आले, याचे उत्तर मात्र पडद्यावरच शोधावे लागते.

पाहिलेले मुले उचलतात, हे प्रयोगाने दाखवता येते. अमेरिकेत अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञाने १९६१ मध्ये ७२ बालकांवर असा प्रयोग केला. काही मुलांसमोर एका मोठ्या माणसाने हवा भरलेल्या बाहुल्याला ठोसे मारले, हातोडीने बडवले. नंतर मुलांना तशाच खोलीत सोडले, तेव्हा त्यांनी हुबेहूब तसेच केले. पुढे हेच दृश्य चित्रफितीवर दाखवले, तरी तोच प्रकार!

१९६५ चा प्रयोग मला अधिक मोलाचा वाटतो. या वेळी चित्रफितीच्या शेवटी मारणाऱ्याला काही मुलांपुढे बक्षीस मिळाले, काहींपुढे शिक्षा. शिक्षा पाहिलेल्या मुलांनी नक्कल कमी केली. पण 'त्याने काय काय केले ते करून दाखव, खाऊ देतो' म्हणताच त्यांनीही ते तितकेच नीट करून दाखवले. म्हणजे शिकली होती सगळीच. शिकणे आणि करणे या दोन गोष्टी निराळ्या आहेत. अर्थात हा बाहुला असा की मारला तरी पुन्हा उभा राहतो. मारण्यासाठीच बनवलेल्या खेळण्याला मारणे म्हणजे भांडखोरपणा नव्हे, असे टीकाकार म्हणाले. त्यांचेही खरेच आहे.

प्रयोगशाळा सोडून गावात यावे तर दुसरीच अडचण. समजा, तुमच्या शाळेत पाहणी केली आणि मारामारीचे कार्यक्रम पाहणारी मुले जास्त भांडखोर निघाली. कार्यक्रमाने ती भांडखोर झाली, की भांडखोर मुलांनाच तसले कार्यक्रम आवडतात? नुसत्या आकड्यांवरून कळणार नाही. त्यासाठी असे गाव हवे, जिथे दूरदर्शन अजून यायचे आहे.

कॅनडात असे एक गाव सापडले. दरीत असल्याने तिथे लहरी पोचत नव्हत्या. संशोधकांनी त्याचे खरे नाव झाकून त्याला 'नोटेल' म्हटले. १९७३ मध्ये तिथे दूरदर्शन आले. खेळताना मुले किती ढकलतात, मारतात, शिव्या देतात याची आधी आणि दोन वर्षांनी मोजदाद केली. नोटेलमध्ये आकडे वाढले; दूरदर्शन आधीपासूनच असलेल्या दोन गावांत तशी वाढ दिसली नाही.

प्रश्न सुटला म्हणावे, तोच सेंट हेलेना बेट आडवे आले! नेपोलियनला जिथे कैदेत ठेवले होते तेच हे बेट. तिथे १९९५ मध्ये उपग्रहाद्वारे दूरदर्शन पोचले. शाळेच्या मैदानावर कॅमेरे लावून आधी आणि काही वर्षांनी मुलांचे वागणे टिपले. ते बिघडले नव्हते. बेटाची वस्ती काही हजारांची, सगळे एकमेकांना ओळखणारे; कुणाच्या पोराने दगड भिरकावला तर संध्याकाळपर्यंत घरी कळणार. संशोधकांनी याच गोष्टीकडे बोट दाखवले.

तेव्हा शाळेत पाहणी करायचीच असेल तर किती तास पाहतोस, काय पाहतोस एवढेच विचारून थांबू नका. पाहताना घरात कोण असते आणि नंतर खेळताना अंगणात कुणी मोठे माणूस असते का, यासाठीही वहीत एक रकाना आखून ठेवा.