‘कशावरून?’ विचारणारी मुलगी

भुकूमहून आपण पुण्याला बाजाराला जातो, दवाखान्यात जातो. त्याच पुण्यात, विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र आहे. तिथल्या राशी जैन या तरुण संशोधिकेनं आणि योगेश वाडदेकर यांनी 2025 मध्ये एका दूरच्या दीर्घिकेचा शोध जाहीर केला. दीर्घिका म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचा कुटुंबकबिला. आपला सूर्य ज्या दीर्घिकेत आहे, ती आकाशगंगा. या नव्या दीर्घिकेचं नाव ठेवलंय अलकनंदा. तिचा उजेड इथं पोचायला सुमारे 1200 कोटी वर्षं लागली!

दीर्घिकांचे आकार एडविन हबल यांनी 1926 मध्ये लावून दिले. काही लाडवासारख्या किंवा अंड्यासारख्या. काहींना ताक घुसळताना उठणाऱ्या भोवऱ्यासारखे फाटे, त्या सर्पिल. उरलेल्या सांडलेल्या पिठासारख्या, कसल्याच आकारात न बसणाऱ्या. अलकनंदा सर्पिल आहे, दोन ठळक फाट्यांची. विश्व इतकं तरुण असताना एवढी घडीव दीर्घिका असेल, असं फारसं कुणाला वाटत नव्हतं.

मग तसं नुसतं म्हणून चालेल का? नाही. संशोधनाचा लेख नियतकालिकाकडे जातो. संपादक तो त्याच विषयातल्या दुसऱ्या जाणकाराकडे पाठवतात. बहुतेक वेळा त्याचं नाव लेखकांना कळत नाही. तो विचारतो, हे कशावरून? दुसरं काही असू शकेल का? उत्तरं द्यावी लागतात, चुका दुरुस्त कराव्या लागतात, मगच लेख छापला जातो. बचत गटाची वही लिहिणारीनं स्वतःच तपासायची नसते, तसंच हे. तरीही छापलेलं सगळं कायमचं खरं ठरतं असं नाही. पुढचे लोक पुन्हा तपासतात.

आपल्या घरात मात्र मुलीनं ‘कशावरून?’ विचारलं की आपण म्हणतो, उलट बोलू नकोस. मुलाला तेवढं म्हणत नाही, बरं का.

सहावी ते आठवीच्या मुलांना दीर्घिकांची पाच-सहा चित्रं द्या. प्रत्येकानं वहीत आकार लिहायचा आणि कारणही. मग वह्या बदलायच्या, दुसऱ्याच्या उत्तराखाली एक प्रश्न लिहायचा. एखादी काठीसारखी दीर्घिका हमखास भांडण लावते. तेव्हा जेवणाचं ताट हातात द्या. समोरून गोल, कडेनं पाहिलं तर पट्टी! सर्पिल दीर्घिकाही कडेनं अशीच दिसते. कुणाचं उत्तर बदललं, तर जुनं खोडू देऊ नका. त्याखाली नवं उत्तर आणि बदलण्याचं कारण लिहायला सांगा.