घरातील वीज – लेखांक ७ : वारंवार पडणारा खटका

वितरणपेटीतील खटका पुन्हा पुन्हा पडू लागला की अनेक घरांत पहिला संशय खटक्यावरच घेतला जातो आणि तो काढून अधिक क्षमतेचा बसवण्याची घाई होते. वास्तविक पेटीतील कोणता खटका पडला, उपकरण चालू केल्यावर किती वेळाने पडला आणि त्या वेळी घरात काय काय चालू होते, एवढी नोंद ठेवली तरी दोषाचा माग पुष्कळसा लागतो. कारण पेटीत शेजारी शेजारी बसवलेले, दिसायला सारखे असलेले हे खटके वेगवेगळ्या दोषांना दाद देतात.

प्रत्येक परिपथावर बसवलेला एमसीबी, म्हणजे प्रवाह मर्यादेपलीकडे गेला की परिपथ आपोआप तोडणारा खटका, दोन स्वतंत्र यंत्रणांवर चालतो. दोन भिन्न धातूंची जोडपट्टी वाढीव प्रवाहाने तापून हळूहळू वाकते आणि खटका पाडते, तर तारा एकमेकींना भिडून झालेल्या शॉर्ट सर्किटच्या वेळी विद्युतचुंबक तेच काम क्षणार्धात करतो. म्हणून चालू करताच पडणारा एमसीबी बहुधा शॉर्ट सर्किटकडे आणि दहा-वीस मिनिटांनी पडणारा अतिरिक्त भाराकडे बोट दाखवतो. मानकानुसार १६ अँपिअरच्या एमसीबीने सुमारे १८ अँपिअर प्रवाह तासभर न पडता सोसला पाहिजे आणि सुमारे २३ अँपिअरला तासाच्या आत पडलेच पाहिजे. स्वयंपाकघरातील एकाच परिपथावर ३००० वॉटचा इन्स्टंट गिझर, २००० वॉटची इंडक्शन शेगडी आणि १००० वॉटचा मायक्रोवेव्ह एकदम चालले, तर २३० व्होल्टला प्रवाह २६ अँपिअरवर जातो, आणि तेथे खटका पडणे हे त्याने आपले काम केल्याचे लक्षण असते. त्या जागी ३२ अँपिअरचा एमसीबी बसवला, तर भिंतीतील २.५ चौरस मिलिमीटरची तार मात्र तीच राहते. साध्या पीव्हीसी आवरणाची तापमानमर्यादा ७० अंश सेल्सिअस असल्याने ते आवरण भिंतीच्या आत भाजत जाते आणि खटका शांत राहतो. हा उपाय मूळ दोषापेक्षा घातक आहे. भार बेताचा असूनही एमसीबी पडत असेल, तर त्याचा स्क्रू सैल असण्याची शक्यता तपासावी, कारण सैल जोडाची उष्णता आतल्या पट्टीपर्यंत पोचून तिला विनाकारण वाकवते. अशा वेळी तारेचे टोक काळवंडलेले आढळते.

खरा घोळ होतो तो आरसीसीबीच्या बाबतीत. फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून तेवढाच परत येतो की नाही, याची हा खटका सतत तुलना करतो आणि फरक पडला की वीज गळते आहे असे समजून तोडतो. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी मानकानुसार १५ ते ३० मिलिअँपिअरच्या दरम्यान केव्हाही पडू शकतो. संगणक, वॉशिंग मशीन यांसारख्या उपकरणांच्या फिल्टरमधून निर्दोष स्थितीतही किंचित प्रवाह अर्थिंगकडे जातो, आणि एकाच आरसीसीबीवर अशी पुष्कळ उपकरणे असली की त्यांची बेरीज १५ च्या जवळ पोचते. मग पावसाळ्यात ओल धरलेल्या भिंतीतील थोडी गळतीही पुरेशी होते. कोकणासारख्या दमट प्रदेशात गिझर हे आणखी एक नेहमीचे कारण आहे. त्याच्या कॉइलमध्ये भरलेली मॅग्नेशियम ऑक्साइडची भुकटी ओलावा शोषून घेते, त्यामुळे नळीला सूक्ष्म तडा गेला किंवा तोंडाचे सील झिजले की रोधन कमजोर होते.

दोष शोधण्यासाठी सर्व एमसीबी बंद करून, आरसीसीबी चालू करून, मग एकेक एमसीबी वर करण्याची रीत योग्य आहे, पण तिच्यात एक फसवी जागा आहे. घरगुती पेटीतील एकध्रुवी एमसीबी फक्त फेज तोडतो. न्यूट्रल जोडलेलीच राहते. एखाद्या परिपथाची न्यूट्रल कोठेतरी अर्थिंगला भिडली असेल, तर त्याचा एमसीबी बंद असतानाही दोष कायम राहतो. शिवाय भार नसताना न्यूट्रल आणि जमीन यांच्यातील दाब नगण्य असल्याने आरसीसीबी टिकतो, आणि दुसऱ्याच परिपथावरची इस्त्री लावताच पडतो. दोष नसलेली इस्त्री दुरुस्तीला जाते. अशा वेळी परवानाधारक वायरमनने मेन स्विच बंद करून, वीज नसल्याची खात्री करून, न्यूट्रल पट्टीवरील तारा एकेक सुट्या कराव्यात आणि मेगरने, म्हणजे रोधन मोजणाऱ्या उपकरणाने, ५०० व्होल्टवर प्रत्येक तारेचा जमिनीशी असलेला रोध मोजावा. तो १ मेगाओहमपेक्षा कमी भरला, तर दोष त्याच परिपथात आहे. मोजणीपूर्वी सर्व प्लग काढणे आवश्यक आहे, अन्यथा इलेक्ट्रॉनिक उपकरणे निकामी होऊ शकतात. घरमालकाने मात्र प्लग काढणे आणि खटके वर-खाली करणे यापलीकडे जाऊ नये.

इन्व्हर्टर बसवल्यानंतर सुरू झालेल्या तक्रारीत बहुधा गळती नसते. इन्व्हर्टरवरील दिव्यांची फेज एका मार्गाने आणि न्यूट्रल दुसऱ्या आरसीसीबीच्या पट्टीवर गेलेली असते, म्हणून दिवा लावताच हिशेब चुकतो आणि खटका पडतो. येथे दोष जोडणीचा असल्याने न्यूट्रल वेगळ्या करणे हाच उपाय आहे. तरीही कंटाळून आरसीसीबीच ओलांडून थेट तार जोडलेली आढळते, आणि ज्या घरात गिझर आहे तेथे हे जिवाशी खेळणे आहे. कारण शॉक लागलेल्या माणसाच्या शरीरातून जाणारा प्रवाह एमसीबीच्या दृष्टीने इतका क्षुल्लक असतो की तो त्याला ओळखतही नाही.

आरसीसीबीवरील ‘टी’ अक्षराची कळ दर काही महिन्यांनी दाबून पाहावी, आणि वीज असताना ती दाबूनही खटका पडला नाही तर तो लगेच बदलावा. ही चाचणी खटक्याच्या आतल्या आतच पूर्ण होते, त्यामुळे घराचे अर्थिंग शाबूत असल्याचा निर्वाळा तिच्यावरून मिळत नाही. अर्थिंगच्या रोधाची मोजणी पुढील लेखांकात येईल.