रोज एक मिलिमीटर

२५ एप्रिल १९०३ रोजी लंडनचे मेंदूविकारतज्ज्ञ हेन्री हेड यांनी स्वतःच्या डाव्या हातातला धडधाकट मज्जातंतू कापून घेतला. मुद्दाम! हाताचा मज्जातंतू तुटलेले रुग्ण त्यांच्याकडे येतच असत; पण इथं नेमकं काय जाणवतं, असं विचारलं की कुणालाच धड सांगता येईना. मग हेड स्वतःच रुग्ण झाले. कापलेली टोकं रेशमी धाग्यानं शिवली आणि पुढची चार वर्षं ते केंब्रिजला मित्राकडे, डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स यांच्याकडे जात राहिले. हेड डोळे मिटून बसायचे. रिव्हर्स कापूस, सुई, गरम-थंड नळ्या लावायचे. आधी परतली ती वेदना, तीही भलतीच: टोचलं एका जागी तरी कळ पसरायची आणि नेहमीपेक्षा जास्त असह्य वाटायची. कापसाचा हलका स्पर्श कितीतरी उशिरा आला. हेड यांनी त्यावरून मांडलेला सिद्धांत पुढं टिकला नाही. त्यांच्या चिकाटीला मात्र तोड नाही.

तुटलेला मज्जातंतू परत वाढतो, हेच मुळात नवल आहे. पायाच्या अंगठ्यापर्यंत जाणारा एकेक धागा जवळजवळ मीटरभर लांब असतो, आणि ज्या पेशीचा तो धागा, ती कमरेपाशी, टिंबापेक्षाही लहान. धागा तुटला की पेशीपासून सुटलेला भाग मरतो. ऑगस्टस वॉलर यांनी १८५० मध्ये बेडकाच्या जिभेचे मज्जातंतू कापून हे दाखवलं. पण धाग्याभोवतीच्या श्वान पेशी जगतात. त्या मेलेला कचरा साफ करतात, त्यांची संख्या वाढते आणि त्या ओळीनं उभ्या राहतात. वरच्या तुटक्या टोकातून नवा कोंब फुटतो आणि मांडवावर वेल चढावा तसा त्या ओळी धरून पुढं सरकतो. वेग दिवसाला साधारण एक मिलिमीटर! मनगटापासून बोटाच्या टोकापर्यंत पोचायला सहाएक महिने लागतात. तो कुठवर आला हे बघायची युक्तीही साधी आहे. मज्जातंतूच्या वाटेवर टिचक्या मारत जायचं. जिथं बोटांत मुंग्या येतात, तिथं कोंब पोचला. पहिल्या महायुद्धातल्या जखमी सैनिकांवरून ज्यूल टिनेल यांनी १९१५ मध्ये ही खूण नोंदवली.

मज्जातंतूच्या इजा दुर्मीळ नाहीत. मोठ्या अपघातानंतर रुग्णालयात आणलेल्या शंभरांपैकी दोन-तीन जणांना अशी इजा झालेली असते. फुटलेली काच, बोट कापणारा मांजा, दंडाचं हाड मोडणं, कुल्ल्यावर चुकीच्या जागी दिलेलं इंजेक्शन, अशी कारणं अनेक. आपल्याकडे सगळ्यात वाईट ती दुचाकीवरून खांद्यावर पडण्याची तऱ्हा. मान एकीकडे, खांदा दुसरीकडे ताणला जातो आणि हाताचे मज्जातंतू कधीकधी मणक्यातून मुळासकट उपटले जातात.

प्रत्येक इजेला सुरी लागत नाही. खुर्चीच्या पाठीवर हात टाकून झोपलेल्याचं मनगट सकाळी लुळं पडतं, ते बहुधा काही आठवड्यांत आपोआप सुधारतं. तोवर आधाराची पट्टी आणि व्यायाम पुरतो. धारदार वस्तूनं मज्जातंतू सरळ कापला असेल तर मात्र वाट बघू नये. काही दिवसांतच, सूक्ष्मदर्शकाखाली, केसाहून बारीक धाग्यानं तो शिवतात. मधला तुकडाच नाहीसा झाला असेल तर पोटरीतला एक मज्जातंतू काढून सांधतात. त्याबदल्यात पावलाची बाहेरची कड बधिर राहते. सौदा स्वस्तच म्हणायचा.

खरी अडचण घड्याळाची आहे. हुकूम न मिळालेला स्नायू सुकत जातो आणि वर्ष-दीड वर्षानंतर मज्जातंतू पोचला तरी तो सहसा दाद देत नाही. मानेपासून हाताच्या पंजापर्यंत अंतर पाऊण मीटरच्या आसपास, हिशेब करा. वेळ टळून गेली असेल तर चांगल्या स्नायूची शीर, म्हणजे कंडरा, वळवून दुसऱ्या कामाला लावतात. कुष्ठरोगानं मज्जातंतू निकामी होऊन वाकडी झालेली बोटं पॉल ब्रँड यांनी वेल्लोरला १९४० च्या दशकाच्या अखेरीस याच पद्धतीनं सरळ करायला सुरुवात केली.

वेळ हातात असेल आणि मूळच उपटलं गेलं असेल, तर शल्यविशारद शेजारून उसनवारी करतात. बरगड्यांमधले, श्वासाला मदत करणारे मज्जातंतू दंडाच्या स्नायूला जोडतात. काही महिन्यांनी स्नायू जागा होतो, पण त्याला अजून जुन्याच मालकाचा हुकूम कळतो. कोपर वाकवायचं तर रुग्णाला खोल श्वास घ्यावा लागतो. खोकला आला तरी हात वर येतो. मग रोजच्या सरावानं मेंदू नवी वाट शिकतो, आणि दीर्घ श्वास न घेताही चहाचा कप ओठापर्यंत जाऊ लागतो.