‘आम्ही’, ‘आपण’ आणि गिरणीतील विणकाम खाते

मराठीत प्रथम पुरुषाच्या अनेकवचनाला दोन सर्वनामे आहेत. ‘आम्ही’ म्हणताना ऐकणारा वगळला जातो. ‘आपण’ म्हणताना तो सामावला जातो. तमिळ व तेलुगू या भाषांतही हा भेद आहे. हिंदीतील ‘हम’ तो दाखवीत नाही. निरनिराळ्या जातींची व बोलींची माणसे एका ठिकाणी कामाला लागली म्हणजे तेथे आपोआप ‘आपण’ निर्माण होते काय, याचा विचार प्रस्तुत टिपणात करावयाचा आहे. त्यासाठी मुंबईच्या कापडगिरण्यांचे उदाहरण उद्‌बोधक ठरेल.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या गिरण्यांत अस्पृश्य मानलेल्या जातींचे कामगार पुष्कळ होते. परंतु अधिक वेतनाचे विणकाम खाते त्यांना बंद होते. धोट्यातील सूत संपले की विणकर नवी कांडी घाली आणि सुताचे टोक धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून घेई. एकाच धोट्याला अनेकांचे तोंड लागे, म्हणून सवर्ण कामगार अस्पृश्य सहकाऱ्याला तेथे येऊ देत नसत. या बंदीच्या मुळाशी असलेली कल्पना ‘उष्टे’ ही होय. संस्कृत ‘उच्छिष्ट’ या शब्दापासून आलेला हा शब्द मूळचा जेवणाच्या पानावरचा. माग इंग्लंडातून आला, पण त्याजवळ कोणी उभे राहावे हा नियम मात्र घरातल्या पंक्तीतून आला.

१९२८ च्या सार्वत्रिक संपात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे ठेवला आणि सर्व खाती अस्पृश्य कामगारांना खुली व्हावीत अशी मागणी केली. सभेत ‘आपण कामगार’ म्हणणारेच विणकाम खात्याच्या दाराशी ‘आम्ही’ होत, ही विसंगती त्यातून उघड झाली.

तोंडाने सूत ओढणे हे विणण्याचे अपरिहार्य अंग नव्हते, ही गोष्ट येथे ध्यानात घेण्यासारखी आहे. हाताने ओवता येणारे धोटे उपलब्ध होते. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने तर १९११ मध्येच आरोग्याच्या कारणास्तव तोंडाने ओढावयाच्या धोट्यांना बंदी केली होती. म्हणजे जी सवय कामाची अट म्हणून मिरवत होती, ती कामाची अट नव्हतीच.

आपल्या विद्यापीठीय विभागांतही अशा सवयी शोधाव्या लागतील. चर्चासत्रात एखादा विद्यार्थी ‘पाणी’ऐवजी ‘पानी’ म्हणतो, काही चेहऱ्यांवर हसू उमटते, आणि तो पुढे बोलेनासा होतो. वस्तुतः ‘ण’च्या जागी ‘न’ येणे हा मराठीच्या अनेक बोलींतील नियमित ध्वनिविशेष आहे. त्याने युक्तिवादाला बाध येत नाही. तरीही प्रमाण उच्चार ही विद्वत्तेची अट समजली जाते. येथे ‘उष्टे’ची जागा ‘अशुद्ध’ या शब्दाने घेतली आहे, एवढेच.

प्रवेशाचे नियम खुले करणे अवश्य आहे. संविधानाने १९५० पासून त्याचा पाया घातला. परंतु गिरणीचे दार उघडे असूनही खाते बंद राहू शकते. म्हणून प्रत्येक विभागाने आपल्या नित्याच्या रीतींना एक प्रश्न विचारावा : ही रीत कामासाठी आवश्यक आहे, की केवळ ‘आम्ही’ टिकविण्यासाठी? दुसरे उत्तर आले, तर धोटा बदलावा. माणूस वगळू नये.