फायरवॉल निवडताना

आमच्या शहरातल्या एका जुन्या वाचनालयाने अनेक वर्षे खपून दुर्मीळ नियतकालिके स्कॅन केली होती. एका सकाळी त्यातली एकही फाइल उघडेना. पडद्यावर खंडणीची मागणी होती. हिशेबनिसांना घरून काम करता यावे म्हणून राउटरवर ३३८९ क्रमांकाचे पोर्ट, म्हणजे रिमोट डेस्कटॉपचे दार, थेट इंटरनेटला उघडे ठेवलेले होते. काही अंकांच्या मूळ प्रतींचा तोवर भुगा झाला होता. ते अंक कायमचे गेले. त्यानंतर फायरवॉल निवडायचे काम माझ्याकडे आले. या विषयातली पदवी माझ्यापाशी नाही; माहितीपुस्तिका वाचत, चुकत शिकलो.

‘फायरवॉल’ हा शब्द मूळचा बांधकामातला. एका घराची आग शेजारी पसरू नये म्हणून मध्ये घातलेली ही भिंत. संगणकक्षेत्रात तो १९८०च्या दशकाच्या अखेरीस रुळला. सुरुवातीच्या फायरवॉल माहितीचे प्रत्येक पॅकेट सुटे तपासत: कुठून आले, कोणत्या पोर्टकडे चालले. १९९४ साली चेक पॉइंट या इस्रायली कंपनीने आणलेली फायरवॉल चालू संभाषणाची आठवण ठेवू लागली. आतून कोणी विचारले असेल, तरच बाहेरचे उत्तर आत येई. आज एवढे काम घरगुती राउटरही करतो. वेगळे यंत्र घ्यायचे ते परवानगी असलेल्या संभाषणात काय दडले आहे हे पाहण्यासाठी.

म्हणूनच माहितीपत्रकावरचा ठळक आकडा फसवा असतो. घुसखोरी आणि विषाणूंची तपासणी सुरू केली की वेग कैक पटींनी उतरू शकतो. तो आकडा ‘थ्रेट प्रोटेक्शन थ्रूपुट’ अशा नावाने वेगळा दिलेला असतो. आपल्या जोडणीच्या वेगाशी ताडून पाहायचा तो हाच.

दुसरा प्रश्न खर्चाचा. यंत्र एकदाच घेतले, तरी बहुतेक कंपन्यांचे लायसन्स मुदतीचे असते. मुदत संपली की यंत्र चालू दिसते, पण नव्या धोक्यांची ओळख त्याला मिळत नाही. किंमत पाच वर्षांची मांडावी. पीएफसेन्स किंवा ओपीएनसेन्ससारखी मुक्त प्रणाली लायसन्सचा खर्च वाचवते; मात्र ती जाणणारा माणूस हाताशी हवा.

तिसरा प्रश्न आतल्या भिंतींचा. मे २०१७मध्ये वॉनाक्राय ४४५ क्रमांकाच्या पोर्टवरून एका संगणकातून दुसऱ्यात शिरत गेला. त्यामुळे वाचकांचे वाय-फाय, कॅमेरे आणि कार्यालय यांना आम्ही व्हीलॅन करून वेगळे केले. फायरवॉलचा मूळ अर्थ इथेच भेटतो: ती गावाची वेस नव्हे, दोन घरांमधली भिंत आहे.

हिशेबनीस आता व्हीपीएनवरून येतात. ते पोर्ट बंद आहे. दर सोमवारी ग्रंथपालबाई अपडेट आणि नोंदी पाहतात. पेनड्राइव्हवरून आत आलेली आग फायरवॉलला दिसत नाही, म्हणून स्कॅनची एक प्रत तारेपासून सोडवलेल्या डिस्कवर, कुलपात असते. गेलेल्या अंकांची नावे सूचीत तशीच ठेवली आहेत. त्यांच्यापुढचा रकाना कोरा आहे.