लहान कदंबा, मोठी एसटी आणि एकच भावपत्रक



जाळी, दोर, इंजिनाचं ऑईल सगळ्यांनी मिळून घ्यायचा विषय निघाला की बैठकीत एक प्रश्न हमखास येतो. चार जणांचा माल एकत्र घेऊन भाव खरंच उतरतो, की नुसती कटकट वाढते? या वेळी उत्तर आम्ही बसच्या धंद्यातून देतो, कारण तिथे हे काम साठ वर्षे चाललेलं आहे.

आपली कदंबा १९८० ची. तिच्याकडे गाड्या काही शेच. शेजारच्या एसटीकडे आणि कर्नाटकच्या महामंडळांकडे हजारो. पण ब्रेक लायनिंग, बॅटरी, टायर रिमोल्ड करायचं रबर सगळ्यांनाच लागतं. कदंबा एकटी कंपनीच्या दारात गेली तर तिला मान किती? एकट्या होडीवाल्याला जाळ्याच्या दुकानात मिळतो तेवढाच! म्हणून सरकारी बस महामंडळांची १९६५ पासून एक संघटना आहे, असोसिएशन ऑफ स्टेट रोड ट्रान्सपोर्ट अंडरटेकिंग्ज. कदंबाही तिची सभासद. ही संघटना गोदाम भरून माल विकत नाही. ती कंपन्यांशी दर ठरवते, त्याला रेट कॉन्ट्रॅक्ट म्हणतात. मग ज्याची त्याची ऑर्डर, ज्याचे त्याचे पैसे. मालाच्या तपासणीसाठी पुण्यात भोसरीला सीआयआरटी ही संस्था आहे. स्वस्तात घेतलं आणि घाटात ब्रेक गेला, तर त्या स्वस्ताईचं करायचं काय? आम्हाला ही पद्धत पटते ती एवढ्यासाठी की सोसायटीचा पैसा मालात अडकून पडत नाही.

आता अलीकडची गोष्ट. २०२२ मध्ये दिल्ली, कोलकाता, बेंगळुरू, हैदराबाद आणि सुरत या पाच शहरांसाठी ५,४५० इलेक्ट्रिक बसची एकच निविदा निघाली. काढली सीईएसएल या सरकारी कंपनीने. घरोघरी उजाला योजनेचे एलईडी बल्ब आले ना, ते आणणाऱ्या ईईएसएलची ही मुलगी. त्या बल्बचा खरेदीभाव २०१४ मध्ये ३१० रुपये होता, घाऊक खरेदीने दोन वर्षांत ३८ वर आला. बसच्या निविदेत १२ मीटर गाडीचा सर्वात कमी दर किलोमीटरला ४३.४९ रुपये निघाला, ९ मीटरचा ३९.२१. गाडी आणि ड्रायव्हर कंपनीचा, शहराने किलोमीटरप्रमाणे पैसे द्यायचे. यात केंद्राचं अनुदानही होतं, म्हणजे सगळी स्वस्ताई एकत्र खरेदीचीच नव्हे, हेही सांगायला हवं.

पण आकडा मोठा केला आणि भाव उतरला, इतकं ते सोपं नव्हतं. आधी गाड्यांची मापं आणि कराराच्या अटी जुळवाव्या लागल्या. प्रत्येक शहर आपलंच खरं म्हणत बसलं असतं तर ती एक निविदा राहिली नसती, एका पाकिटात पाच निविदा झाल्या असत्या. आपल्याकडे तेच होतं. एकाला आस एवढा हवा, दुसऱ्याला धागा तसलाच हवा, आणि मग ‘एकत्र’ फक्त नावाला.

दुसरी अडचण पैशाची, आणि आमच्या मते खरी हीच. बस महामंडळं तोट्यात, बिलं थकतात, म्हणून कंपन्या बिचकतात. बिचकणारा विक्रेता भाव चढवूनच सांगणार. शेवटी सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने ३,४३५ कोटींची पेमेंटच्या हमीची योजना मंजूर केली. महामंडळाने वेळेवर पैसे दिले नाहीत तर सीईएसएल निधीतून भरणार, आणि मागाहून ते राज्याकडून वसूल होणार.

दुकानदार उधारी देतो, सोसायटी देत नाही, ही तक्रार आम्हाला मान्य आहे. हंगाम सुरू होताना हातात रोकड नसते. पण त्या उधारीचं व्याज जाळ्याच्या भावातच बसलेलं असतं. एकदा रोखीचा भाव विचारून बघा.

१ जून ते ३१ जुलै बंदी आहे. मागणीचे कागद कार्यालयात ठेवले आहेत. त्यात आस, धाग्याची जाडी, वजन आणि आगाऊ किती भरता येईल, एवढंच लिहायचं आहे. अंदाजाने फुगवून आकडा लिहू नका. जितकं घेणार तितकंच लिहा. सगळे कागद जमले की दोन-तीन विक्रेत्यांकडून भाव मागवू आणि दुकानच्या भावाशेजारी लावून इथेच टाकू.